नशीबवान म्हणायची भीती

अगं, जरा सरक इकडं, अशी जवळ बस. समोर न्हाईस हे ठाऊक आहे, तरी समोरच आहेस असं धरून लिहिते. पिरनवाडी ते येळ्ळूर अंतर ते केवढं? आणि चार महिन्यांत आईकडं फिरकायला सवड झाली न्हाय तुला! काल फोनवर "बाळाला कणकण आहे" एवढंच बोललीस आणि ठेवलास.

तुझ्या दोन खेपा पोटातच गेल्या, तिसऱ्या खेपेला हे लेकरू हाताला लागलं. बाळंतपणाला तू माझ्याकडं होतीस. तुझ्या सासूबाई बाळ बघायला आल्या आणि पाळण्याशी वाकून म्हणाल्या, "आमचा फेलिक्स!" जावयाच्या आजोबांचं नाव, त्यांच्या ख्रिस्ती घरात पिढ्यान् पिढ्या चालत आलेलं.

"म्हंजे काय हो?" मी विचारलं.

"लॅटिन आहे, विहीणबाई. जुन्या काळी रोमची माणसं फळणाऱ्या झाडाला असं म्हणायची. पुढं नशीबवान माणसाला, सुखी माणसाला म्हणायला लागली."

मी हसून साखर वाटली, पण मनात म्हटलं, नशीबवान! असं उघड, दहा जणांत हाक मारून सांगायचं? आपल्याकडं दोडक्याच्या कोवळ्या फळाकडं बोटसुद्धा दाखवत न्हाईत. आंबा लगडला की फांदीला जुनी चप्पल बांधतात.

माझी भीती उगा न्हवती गं. माझ्या आईची दोन मुलं गेली, मग माझा धाकटा भाऊ झाला. त्याला सुपात घालून केराच्या ढिगावर ठेवलं. शेजारणीनं उचललं, आणि आईनं मूठभर कोंडा देऊन तिच्याकडनं परत घेतलं. टाकाऊ पोर म्हटल्यावर कुणाची नजर कशाला जाईल? नाव ठेवलं केरबा. तो जगला. आज नातवंडं खेळवतोय.

म्हणून त्या सकाळी तू न्हाणीत असताना मी अंगण झाडलं, केर कोपऱ्यात केला. सुपात धुतलेलं धडपं घातलं, धुतलेलं बरं का, आणि बाळाला त्यात निजवून सूप केरावर ठेवलं. शेजारणीला हाक मारली तोवर तू ओल्या केसांनी बाहेर आलीस.

"आई! माझं लेकरू केरात?"

"अगं, घटकाभर. तिनं उचललं की झालं."

"दोन गेली तेव्हा मी कुठं कुणाला नशीबवान म्हटलं होतं गं?"

लेकरू उचलून आत गेलीस. दुपारी जावयाला बोलावून गाडीत बसलीस. बाळाचं टोपडं दोरीवर तसंच राहिलं.

काल तुझा फोन ठेवला आणि भावाकडं गेले, त्याच्यासमोर रडले. म्हटलं, तो अर्धा राहिलेला विधी बाधला बघ. तो पान लावत होता. म्हणाला, "आक्का, मी केरामुळं जगलो व्हय? आईनं वर्षभर मला मांडीवरनं खाली ठेवलं न्हाय, रानात जाताना पाठीला बांधून न्यायची, ते इसरलीस? आणि शाळेत पोरं 'केर आला, खराटा आणा' म्हणायची, ते तुला कुठनं ठावं! मी एक महिना शाळेला गेलो न्हाय."

मला खरंच ठाऊक न्हवतं. एका घरात वाढलो आम्ही.

घरी येऊन सूप माळ्यावर टाकलं. भीती गेली म्हणशील, तर न्हाय. या वयात ती कुठं जाते! पण रिकाम्या पाळण्यापाशी उभी राहून, कुणी न्हाय असं बघून तुझ्या लेकाचं नाव दहादा मोठ्यानं म्हणून बघितलं. पहिल्यांदा दृष्ट लागू नये म्हणून बोटं मोडली, नंतर न्हाय मोडली. फळणारं झाड म्हटलं की तोंडाला बरं वाटतं.

ताप उतरला का तेवढं आधी कळव. आणि उतरला की रविवारी घेऊन ये त्याला. शेजारणीला बोलावणार न्हाय. काजळाची तीट लावीन, तीबी तळपायाला, मोज्याखाली, तू हो म्हणालीस तरच. टोपडं धुऊन ठेवलंय, पण डोकं वाढलं असंल आता. ते पार लहान व्हायच्या आत ये गं.