डोमाजीला पाणी कोणी पाजलं

नाताळच्या सुट्टीतल्या त्या सकाळी मालट्रकवाल्यानं आम्हांला कारंज्याच्या पुढं नागपूर रस्त्यावरच्या एका फाट्यावर उतरवलं, तेव्हा नुकतं फटफटत होतं. थंडीनं हाताची बोटं वळत नव्हती. बरोबर माझ्याच शाळेत गणित शिकवणारे रामटेके होते. वर्ध्याला नोकरीला लागून मला दोन वर्षं झाली होती. साताऱ्याकडच्या माणसाला या सपाट मुलखात डोंगर दिसत नाही म्हणून मी सारखा कुरकुरत असे. शेवटी एकदा रामटेके म्हणाले, "चला, सुट्टीत तुम्हांला आमचा मोठा पहाड दाखवतो." पहाड म्हणजे इकडे डोंगर. त्यांचं गाव आर्वीकडचं, लहानपणी ते या रानात सरपणाला येत.

फाट्यापासून पायथ्याचं गाव दीड कोस. दोन्ही बाजूंना तुरी उभ्या होत्या आणि वेचून झालेल्या पऱ्हाटीच्या (कपाशीच्या) काटक्या दवानं काळ्या पडल्या होत्या. गावात शेकोटीशी बसलेल्या दोघांनी नाव-गाव विचारून मला "या गुरुजी" म्हणून बोलावलं, गुळाचा चहा दिला. रामटेके गावात आलेच नाहीत. ओढ्याच्या काठानं बाहेरून वळसा घेऊन ते पलीकडं माझी वाट पाहत उभे होते. त्यांनी ओढ्यावरच बाटली भरून घेतली होती. चालायचा उत्साह फार, असं मी समजलो. खरं तर मला समजायचं नव्हतं. दोन वर्षांपूर्वी त्यांच्या घरानं नागपूरला बौद्ध धम्माची दीक्षा घेतली होती, पण विहिरीवरचे लोक दीक्षा कुठं पाहतात!

चढ सागाच्या रानातून होता. वाळलेली पानं एवढी मोठी की पाऊल टाकलं की रान जागं व्हावं. पुढं साग संपला, काळा उघडा दगड लागला, आणि दहाच्या सुमाराला आम्ही माथ्यावर पोचलो. सह्याद्रीच्या मानानं उंची काहीच नव्हती, पण वारा चांगलाच झोंबत होता. पश्चिमेला वर्धा नदी धुक्याखाली कुठं तरी असावी. मुलूख सगळा राखेच्या रंगाचा. कारंज्याची संत्री सोलून खाल्ली, भाकरीबरोबर ठेचा खाल्ला. फार आनंद झाला असं म्हणवत नाही. झाडं नसलेल्या त्या माथ्यावर एक उदासपणा होता.

पलीकडच्या उतारावर सात-आठ माणसं हाका घालत हिंडताना दिसली.

"डुकरं हाकत असतील," मी म्हणालो.

"डुकरं हाकताना माणसं अशी पांगत नाहीत," रामटेके म्हणाले. थोडा वेळ कान देऊन ते ऐकत होते. हाकेतले शब्द काही कळले नाहीत.

उतरताना रामटेक्यांनी आडवाट धरली. अर्धा डोंगर उतरल्यावर ते एकाएकी थांबले. खालच्या घळीतून कण्हल्यासारखा आवाज येत होता. मी वाट शोधतो आहे तोवर ते बसत, घसरत खाली पोचलेही.

मी पोचलो तेव्हा एक साठीचा माणूस दगडाला टेकून पडला होता. एक मांडी भलत्याच दिशेला वळली होती, धोतर रक्तानं कडक झालं होतं, ओठ काळेनिळे. जवळच कुऱ्हाड पडली होती. आदल्या दिवशी दुपारी चुकलेली गाय शोधताना तो वरून पडला होता. सगळी रात्र त्या थंडीत काढली होती. त्याचं नाव डोमाजी, हे त्यानंच सांगितलं.

"मले पानी द्या न, बापू," तो म्हणाला.

रामटेक्यांनी बाटलीचं बूच काढलं होतं. पण हात मधेच थांबवून ते म्हणाले, "बाबा, मी रामटेके. महार होतो आमी, आता बौद्ध झालो. हे मास्तर बामन हायेत. त्याइच्या हातून पायजे असन तर सांगा."

डोमाजीनं माझ्याकडं पाहिलं, मग त्यांच्याकडं. बोलायलाही त्याला वेळ लागत होता.

"तूच आला न पह्यले," तो म्हणाला. "तूच दे."

रामटेक्यांनी त्याची मान हातावर घेतली आणि घोट घोट पाणी पाजलं. अर्धी बाटली तो प्याला. मी तिथंच, हाताच्या अंतरावर उभा होतो.

त्याच कुऱ्हाडीनं आम्ही सागाची दोन रोपटी तोडली आणि त्यांना माझं घोंगडं बांधून झोळी केली. पाय काटक्यांनी आवळून बांधला. तेव्हा त्यानं फोडलेली किंकाळी मी अजून विसरलेलो नाही. पुढं रामटेके, मागं मी. पन्नास पावलं चालायचं आणि टेकवायचं. खांदे सोलवटून निघाले. वाटेत तो मधूनमधून बोलत होता. भुरी गाय घरी आली का, हे त्यानं तीनदा विचारलं. आम्हांला कुठं माहीत!

"गाव दिसते का?" त्यानं एकदा विचारलं.

"नाई दिसत अजून," रामटेके म्हणाले. "एक उतार रायला."

तो उतार संपायच्या आत डोमाजी गेला. आम्ही झोळी टेकवली तेव्हा त्याचे डोळे उघडेच होते. रामटेक्यांनी ते मिटले, आणि आम्ही पुन्हा दांडे खांद्यावर घेतले.

ओढ्याशी गावची माणसं भेटली. गाय रात्री डोंगराच्या दुसऱ्या अंगानं घरी आली होती, म्हणून सगळे तिकडंच शोधत बसले होते. डोमाजीच्या धाकट्या भावानं, किसननं, रामटेक्यांचा दांडा आपल्या खांद्यावर घेतला आणि चालता चालता विचारलं, "आडनाव काय म्हनलं तुमचं?"

"रामटेके."

 पुढचा सगळा रस्ता किसन रामटेक्यांपासून चार हात लांबून चालला.

अंगणात डोमाजीला उतरवलं. त्याची बायको पार्वताबाई रडत नव्हती. नवऱ्याच्या चेहऱ्यावरची माती ती पदरानं पुसत होती. मग तिनं मान वर केली. रामटेके बाहेर, कुडाच्या कुंपणापाशी उभे होते. मी आत होतो, म्हणून तिनं मला विचारलं.

"गुरुजी, जाताना पानी भेटलं का त्याइले?"

"भेटलं, बाई."

"कोनं पाजलं?"

अंगणात तीस-चाळीस माणसं असतील. किसन माझ्याकडं रोखून पाहत होता. माझ्या मनात भराभर काय काय येऊन गेलं. ही माणसं आता प्रेताला हात लावतील की नाही, बाईच्या मनात जन्मभर सल राहील, रामटेक्यांना कोणी काही बोलेल. सगळी कारणं दुसऱ्यांच्या भल्याची होती. निदान तेव्हा मला तशी वाटली.

"मी पाजलं," मी म्हणालो.

बाई पुढं झाली आणि तिनं माझ्या पायांवर डोकं ठेवलं. "तुमचे लय उपकार झाले, गुरुजी." तेव्हा ती रडली. तिचं कपाळ माझ्या पायाला लागत होतं आणि मला पाय मागं घेता येईना. कुंपणाकडं पाहिलं तर रामटेके तिथं नव्हते.

फाट्याच्या निम्म्या वाटेवर मी त्यांना गाठलं. ऊन तिरपं झालं होतं.  मीच सुरुवात केली.

"तुम्हांला राग आला असेल. पण त्या बाईच्या जिवाला लागलं असतं."

"तिनं विचारलं होतं."

"आणि गाव? गाव काय म्हणालं असतं?"

"गाव काय म्हणतं ते मी जन्मल्यापासून ऐकतो आहे, लेले." त्यांचा आवाज चढला नाही. "आज डोमाजी काय म्हणाला, तेवढं सांगायचं होतं. तो माणूस विचार करून प्याला. बेशुद्धीत नाही प्याला. तुम्ही माझं नाव खाल्लंत त्याचं मला फार नाही. पण त्याचं शेवटचं बोलणं तुम्ही पुसून टाकलंत."

 फाट्यावर कारंज्याकडं जाणारी गाडी मिळाली. मागच्या फळ्यांवर आम्ही दोघं समोरासमोर बसलो, आणि धुळीमुळं डोळे मिटून घेता आले हे बरं झालं.

मी तेराव्याला पुन्हा एकटाच त्या गावी गेलो. खरं सांगायचं असं ठरवून, रामटेक्यांना तसं सांगून गेलो होतो. बसमध्ये शब्दसुद्धा जुळवले होते. पार्वताबाईनं मला पहिल्या पंगतीला, मानाच्या पाटावर बसवलं. आलेल्या प्रत्येक पाहुण्याला ती बोट दाखवून सांगत होती, "हेच ते गुरुजी." लोक वाकून नमस्कार करत होते. जेवण झालं, पानसुपारी झाली. निघताना ती वेशीपर्यंत पोचवायला आली. तिथं आम्ही दोघंच होतो, आडवं येणारं कोणी नव्हतं. ती म्हणाली, "तुमचा विचार केला म्हंजे मले झोप लागते, गुरुजी." मी हात जोडले आणि चालू लागलो.

डोंगर चढणं मला लहानपणापासून जमतं. त्याच भरवशावर मी स्वतःला धीट समजत आलो होतो. माझी खरी उंची मला कळली ती त्या सपाट वेशीवर.

दुसऱ्या दिवशी शाळेत शिक्षकांच्या खोलीत रामटेके वह्या तपासत होते. मी समोर जाऊन बसलो.

"सांगितलंत?" त्यांनी विचारलं.

"नाही."

"बरं," ते म्हणाले, आणि पुढची वही उघडली.