ओलं वजन

आमच्या सरांना कुठलीही आनंदाची बातमी सांगितली की ते म्हणायचे, "वाळू दे, मंग सांग." त्यामुळे त्यांचं नावच 'वाळू दे सर' पडलं.

तालुक्याच्या कॉलेजात ते तासिका तत्त्वावर रसायनशास्त्र शिकवत. उन्हाळ्याच्या सुट्टीत बीएस्सीच्या पोरांना संशोधन शिकवायची टूम त्यांचीच. मी गेलो तो संशोधनाच्या ओढीनं नाही. शेलूबाजारजवळच्या आमच्या मळ्यात तेव्हा वांगी तोडायची होती आणि प्रयोगशाळेत पंखा होता.

तापाच्या गोळीतलं औषध आम्ही बनवत होतो. घातलेल्या मालातून जास्तीत जास्त जेवढं निघू शकतं, त्याहून माझं जास्त भरलं. मी लगेच घरी फोन करून शोध लागल्याचं कळवलं. सरांनी भुकटीवर कागद दाबला. तो ओला झाला. "तुह्या बापाची सोयाबीन घेतांनी व्यापारी ओलावा पाह्यते ना? मंग मी काहून नाही पाहू? वाळू दे." वाळल्यावर निम्मंही उरलं नाही. तोवर आईनं गल्लीभर सांगितलं होतं.

वर्गातली एक मुलगी माझ्याकडे बघून हसली, हेही मी सरांना सांगितलं. "वाळू दे," म्हणाले. ती माझ्या शर्टावरच्या डागाला हसली होती.

शेवटच्या दिवशी प्राचार्य काम बघायला येणार होते. त्यांना ते पटलं तर पुढच्या वर्षी सरांचे तास टिकतील, असं सगळे म्हणत. मी हळूच विचारलं, "सर, थोडं ओलंच मोजू का? जास्त भरन."

सर हसले. "अन् मंग मी तुमाले उन्हाळाभर काय शिकवलं?"

मी माल गुपचूप पुन्हा वाळत ठेवला. प्राचार्यांनी आकडा ऐकला, "एवढंसंच?" म्हणाले आणि चहाला गेले. कॉलेज उघडलं तेव्हा सरांचे तास दुसऱ्याला मिळाले होते.

त्यांना सोडायला मी बसस्टँडवर गेलो. मला फार वाईट वाटत होतं. शिरपूरची बस लागल्यावर त्यांनी विचारलं, "पुढं केमिस्ट्रीच घेशीन ना?" मी तर पोलीस भरतीसाठी रोज पळत होतो. पण त्यांच्या तोंडाकडे पाहवेना, म्हणून म्हणालो, "हो सर." त्यांनी पाठीवर हात ठेवला आणि बसमध्ये चढले.

आज मी एमएस्सी करतोय. विषयाची गोडी वगैरे मुलाखतीत सांगायला बरी. खरं म्हणजे त्या माणसाशी खोटं बोललो हे मला सहन होईना, आणि ते खरं करून दाखवण्यावाचून दुसरा इलाज सापडला नाही.