डोळेकाकांचा निळा तेजोमेघ

डोळेकाका पहिल्या भेटीत कुणाचं नाव विचारत नसत. समोरच्याची हनुवटी धरून तोंड उजेडाकडं वळवत आणि बुबुळं तपासत. माझी तपासून झाल्यावर म्हणाले, "डावी बाहुली नाकाकडं सरकलीय. तुला आखताना देवाला शिंक आली व्हती." त्या दिवसापासून मी आरशात बघणं कमी केलं.

पेणच्या गणपती कारखान्यात त्यांचं काम एकच, आखणी. मूर्ती कुणी घडवायची, रंगवायची कुणी. शेवटी हे येणार, श्वास रोखणार आणि बारीक कुंचल्यानं डोळे काढणार. मग मागं सरून विचारणार, "आतापातूर ती माती व्हती. आता तुझ्याकडं बघतोय का नाय?" बघतोय म्हणावंच लागे, कारण गणपतीबरोबर काकाही रोखून बघत असत.

मी रोह्याला एका केमिकल कंपनीच्या लॅबमध्ये होतो. आकाशाचं खूळ होतं. स्वतः आरसा घासून दुर्बीण केली होती आणि तिला कॅमेरा जोडून मी मृग नक्षत्रातल्या तेजोमेघाचे फोटो काढत असे. म्हणजे काढतो असं लोकांना सांगत असे. एकदा अख्खा रोल झाकण न काढताच संपवला आणि "यंदा आकाश फार काळंभोर होतं" म्हणून मित्रांना दाखवला. बाकीच्या रोलांत झाकण काढलेलं होतं, पण फोकस नव्हता. आमच्या घरचा गणपती ठरवायला पेणला गेलो असताना ही रड मी डोळेकाकांपुढं गायली. ते म्हणाले, "तुझ्या चांदण्यांची आखणी चुकतेय. आण तुझं भांडं हिकडं."

भांडं पॅसेंजरनं पेणला निघालं. कासू स्टेशनला चढलेल्या एका मावशीनं त्या लांबलचक नळीवर प्रेमानं हात फिरवत विचारलं, "बोरिंगला पाणी लागला काय रं?"

दुर्बीण काकांच्या गच्चीवर चढली आणि संध्याकाळची लाईट गेली की सगळं पेण शिव्या घालत असताना आम्ही दोघं टाळ्या पिटू लागलो. कॅमेऱ्याची पाठ उघडून तिथं घासलेली काच बसवायची, तिच्यावर चांदणी टाचणीच्या टोकाएवढी होईपर्यंत नळी पुढंमागं करायची, मग काच काढून रोल भरायचा. हे नळीचं काम काकांचं. भिंगाला डोळा लावून ते असा श्वास रोखत की जिन्यातून काकी ओरडत, "सोडा तो श्वास! एका चांदणीपायी मला पांढऱ्या कपाळाची करताय काय?"

दुबईत कंपनीत असलेला माझा मित्र अन्वर सुट्टीवर येताना माझ्यासाठी एक काच घेऊन आला होता. तापलेल्या हायड्रोजनचा लाल प्रकाश तेवढा आत सोडायचा आणि बाकी सगळ्यांना दारातच अडवायचं, अशी ती काच. ती लावून काढलेला आमचा पहिला फोटो सुरेख आला. पण कृष्णधवल. रंग आपणच भरायचा.

"हायड्रोजन म्हणजे लाल," मी म्हणालो.

"लाल? आभालात जास्वंद फुललीय काय? निळा भरायचा."

"काका, विज्ञानात असं मनाला येईल ते चालत नाही."

काकांनी वर्तमानपत्राचं कात्रण पुढं केलं. अंतराळातल्या दुर्बिणीनं घेतलेला तेजोमेघ होता आणि त्यात शास्त्रज्ञांनी हायड्रोजन चक्क हिरवा दाखवला होता. "ह्यांचा हिरवा चालतो, आन् पेणचा निळा चालत नाय?"

मी निळ्या रंगाची बाटली उघडून दिली. काकांनी निळ्याचा एक हात दिला, लांबून बघितलं, "फिका हाय" म्हणाले. दुसरा हात दिला. "अजून फिका." शेवटी तेजोमेघाची अशी अवस्था झाली की काकींनी विचारलं, "माझी पांढरी चादर बुडवून काढू काय त्याच्यात?" काकांनी खाली झोकात सही ठोकली आणि चित्र भिंतीवर लावलं.

हसलो आम्ही सगळे. पण त्या "अजून फिका"वर काकींचं लक्ष होतं. पुढच्या थंडीत त्या काकांना पनवेलला डोळ्यांच्या डॉक्टरांकडं घेऊन गेल्या. मोतीबिंदू निघाला. त्यात निळा रंग फिका दिसतो, असं डॉक्टर म्हणाले. काका ऑपरेशनला तयार होईनात. "डोळ्याला सुरी लावू? उद्या आखणी बिघडली तर मी कोण? नुसता काका!"

शेवटी त्यांनीच तोड काढली. "मृगातल्या मेघाचा नवा फोटो काढू. चांदण्या टाचणीच्या टोकासारख्या आल्या तर डॉक्टर खोटा. नाय आल्या तर कापा."

काका जिंकावेत असं मला मनापासून वाटत होतं. लाल काचेतून चांदणी अगदी मंद दिसते, म्हाताऱ्याला जरा उजेड मिळावा, म्हणून मी ती काच गुपचूप काढून खिशात घातली. काकांनी श्वास रोखून फोकस केला, काकी रीतीप्रमाणे ओरडल्या, आणि मी रोल भरता भरता ती लाल काच परत बसवून टाकली. स्वतःच्या मोठ्या मनाचं मला फार कौतुक वाटलं.

फोटो धुऊन दोरीवर वाळत घातले. काकी जवळ जाऊन म्हणाल्या, "अहो, ह्या चांदण्या नायत. हे माझे पोह्यांचे पापड!"

काका भिंग घेऊन बराच वेळ बघत राहिले. मग माझ्या बुबुळांकडं न बघताच काकींना म्हणाले, "दिवस ठरव." पुढं कित्येक दिवस ताटात पापड आला की मी तो शेजारच्या ताटात सरकवत असे.

पट्टी सुटली त्या दिवशी काकांनी आधी काकींकडं बघितलं. "अगो, तू एवढी म्हातारी कधी झालीस?"

"तुमी अजून आरसा नाय बघितलात," काकी म्हणाल्या.

मग नजर भिंतीवर गेली आणि काका दचकले. "हा असला निळा कुठल्या गाढवानं फासला?"

काकींनी शांतपणे चित्राच्या खालच्या कोपऱ्यावर बोट ठेवलं. "सही वाचा."

डोळा पुरता बरा झाला तेव्हा उन्हाळा तोंडावर आला होता. मृग पश्चिमेला कलला होता, पण नव्या डोळ्याची परीक्षा घेतल्याशिवाय काकांना चैन पडणार नव्हतं. त्यांनी फोकस केला. मी मागच्यासारखीच खिशातून लाल काच काढली.

"थांब. ती काच कुठनं आली?"

"खिशातनं."

"मागच्या टायमाला बी खिशातच व्हती?"

"तुम्हाला नीट दिसावं म्हणून, काका."

त्यांनी ती काच लावायला लावली आणि भिंगातून पुन्हा बघितलं. मघाची टाचणी फुगून पापड झाली होती. काचेतून येणारा प्रकाश किंचित पुढं जाऊन टेकतो. म्हणून फोकस काच लावूनच करायचा असतो. हे मी कॉलेजात शिकलो होतो. परीक्षेत लिहिलंही होतं.

"म्हणजे माझी आखणी बरोबर व्हती!" काका गच्चीवरून गरजले. "अगो, ह्या कंपनीवाल्यानं मला फुकट कापून घेतला गो!"

"फुकट कसा?" खालून काकी म्हणाल्या. "निळा दिसला ना?" आणि मी निघताना त्यांनी माझ्या पिशवीत पापडांचा अख्खा गठ्ठा कोंबला.

त्या वर्षी काका आखणीला बसले तेव्हा मी मुद्दाम गेलो होतो. पहिल्या मूर्तीचे डोळे काढून ते मागं सरले, पण या वेळी कुणाला विचारलं नाही. मग हळूच म्हणाले, "बघतोय."

ते निळं चित्र त्यांनी मला देऊन टाकलं. पुन्हा नीट रंगवून द्या म्हटलं, तर म्हणाले, "नको. तवा मला आभाल तसाच दिसला व्हता. राहू दे."

काका जाऊन आता बरीच वर्षं झाली. चित्र रोह्याच्या घरी हॉलमध्ये आहे. येणारा प्रत्येक पाहुणा विचारतो, दौत सांडली का, आणि मीही इतकी वर्षं त्याच्याबरोबर हसत आलो. परवा सकाळी चहा घेत सहज त्याच्यासमोर उभा राहिलो, तर रंग एकदम बरोबर वाटला. अगदी पाहिजे तसा. उलट मनात आलं, काकांनी अजून एक हात द्यायला हवा होता.

मी कप खाली ठेवला आणि बायकोला हाक मारून सांगितलं, "अगं, डोळ्यांच्या डॉक्टरांकडं नंबर लाव."