माय येल शे

आमचा दोन वर्षांचा मुलगा देवीच्या आजारात गेला, त्यानंतर माझ्या पत्नीने 'देवी' हा शब्द उच्चारणे सोडून दिले. आजाराचे नाव तर ती घेतच नसे. पण देव्हाऱ्यातल्या देवीचेही नाव तिच्या तोंडून येईनासे झाले. तिचे माहेर पारोळ्याकडचे. लग्नानंतर तिने तिकडची कानबाई आमच्या घरी आणली होती. श्रावणात नागपंचमीनंतरच्या रविवारी नारळाला डोळे, नथ, दागिने घालून ती कानबाई बसवी, गाणी म्हणे आणि दुसऱ्या दिवशी वाजतगाजत पोचवून येई. मुलगा गेल्यावर ते सगळे साहित्य तिने ट्रंकेत घातले. "जिने नेलं तिलाच पाटावर बसवू?" एवढेच ती एकदा म्हणाली. आमच्या घराण्यात पदवी घेणारा मी पहिला. जळगावच्या शाळेत मुलांच्या शंका मी रोज सोडवीत असे. ही शंका मात्र माझीही होती. संध्याकाळी मी दिवा लावी, हात जोडी. पण ते सवयीने.

आमची थोरली मुलगी कुसुम तेव्हा शाळेत जाण्याच्या वयाची झाली होती. पण पत्नी तिला उंबऱ्याबाहेर पडू देत नसे. मुलीला टोचून घेतले होते, डॉक्टरांनी पुन्हा पुन्हा सांगितले होते की आता भीती नाही. तरी दुपारी ती तिच्या कपाळावर, मानेवर, पोटावर हात लावून पाही. पिंप्राळ्याच्या आमच्या गल्लीत मुले खेळू लागली की कुसुम खिडकीचे गज धरून उभी राही. एक दिवस डॉक्टरांनी मला बाजूला घेऊन सांगितले, "मास्तर, औषध मुलीला नाही, आईला हवं आहे. चार दिवस कुठंतरी घेऊन जा. नाहीतर या पोरीचं बालपण असंच खिडकीत जाईल." ते वाक्य माझ्या मनातून हलेना.

मदनलाल हा माझा शाळेपासूनचा मित्र. त्यांचे घराणे फार पूर्वी राजस्थानातून आलेले, जळगावात कापडाचे दुकान. त्याने नुकतीच एक जुनी मोटार घेतली होती आणि ती कुठे न्यावी याच्याच विचारात तो होता. माझे म्हणणे ऐकताच तो नकाशा घेऊन आमच्या ओसरीवर येऊन बसला. बेत ठरला तो असा : पारोळ्याचा किल्ला बघायचा, धुळ्याला त्याच्या सासुरवाडीत मुक्काम, सकाळी लळिंगचा किल्ला, मग साक्री-पिंपळनेरवरून डोंगरांच्या कुशीतले जुने मुल्हेर. घाई करायची नाही. सावली दिसली की थांबायचे, भूक लागली की डबा सोडायचा.

"वहिनी, तुम्ही फक्त दशम्या करा," मदनलाल म्हणाला, "बाकी सगळं माझ्याकडे. पेट्रोल माझं, रस्ता सरकारचा, आणि इतिहास मास्तरांचा."

"आणि गाडी बंद पडली तर?" मी विचारले.

"तर मास्तर धक्का देतील. बी.ए. झालात ते कशासाठी?"

पत्नी दारात उभी राहून ऐकत होती. ती हसली नाही, पण आतही गेली नाही. थोड्या वेळाने म्हणाली, "येईन. पण वाटेत ज्या गावात *ती* असेल, तिथं उतरायचं नाही. पाणीही प्यायचं नाही. आधी विचारायचं." मी कबूल केले. आम्ही नकाशा पाहिला, रजा पाहिली, आभाळ पाहिले. पंचांग पाहण्याचे मात्र कोणालाच सुचले नाही. आमच्या घरात ते त्या वर्षी भिंतीवर नव्हतेच.

शनिवारी निघालो. मोटारीच्या खिडकीतून कुसुम दिसेल त्या वस्तूला नाव देत होती. बैल, विहीर, कापूस, माकड. पारोळ्याला तिने किल्ल्याच्या खंदकात डोकावून "इथं राजा पोहायचा का?" असे विचारले तेव्हा मदनलाल मोठ्याने हसला. पत्नीने मात्र तिचा हात क्षणभरही सोडला नाही. रविवारी सकाळी लळिंगला अर्ध्या वाटेपर्यंत चढलो. वारा छान होता. मला वाटले, जमते आहे.

दुपारी जेवून साक्रीच्या रस्त्याला लागलो. पहिल्या गावाशी मी ठरल्याप्रमाणे गाडी थांबवायला सांगितली आणि चौकशीला एकटाच पुढे गेलो. पत्नीच्या कानावर तो शब्द पडू नये म्हणून मी गाडी मुद्दाम दूर उभी करायला लावली होती. मी स्वतःही तो शब्द वापरला नाही. त्या आजाराला आपल्याकडे भीतीने आणि आदराने 'माय' म्हणतात. तसेच विचारावे असे मला वाटले. माझे गाव पहूरकडचे, आमची बोली निराळी. पण एवढे तर कोणालाही कळेल. वेशीवर एक शेतकरी बैल धूत होता. मी विचारले, "आबा, गावात माय आली आहे का हो?"

"येल शे ना, भाऊ!" तो म्हणाला.

मी विचारले, "किती घरांत?"

"कितला काय इचारतस? बठ्ठा गावमा येल शे!" आणि तो हसला. साऱ्या गावात देवीची साथ, आणि हा माणूस हसतो आहे! दुःखाने माणूस असाही होत असेल, असे मला वाटले. मी परत येऊन "पुढे जाऊ" एवढेच म्हणालो. पुढच्या गावात एक बाई डोक्यावर टोपली घेऊन चालली होती. तिला विचारले. "आम्नाकडे बी येल शे," ती म्हणाली, "उद्या जाई ती. उद्या वाटे लावसूत." तिच्या घरातले माणूस उद्यापर्यंत टिकणार नाही, असाच अर्थ मी घेतला. गाडीपाशी आलो तेव्हा पत्नीने माझ्या चेहऱ्याकडे पाहिले. कुसुमला पदराखाली ओढून ती म्हणाली, "परत फिरवा."

मदनलालने गाडी वळवली. पण तासाभरापूर्वी ज्या ओढ्यातून चाके जेमतेम ओली करून आलो होतो तो आता तांबड्या पाण्याने भरून वाहत होता. डोंगरात कुठेतरी मोठी सर पडली असावी. पुढे साथ, मागे पाणी. आम्ही एका बाभळीखाली थांबलो. कुसुम उकाड्याने कोमेजली होती. पत्नीने तिच्या मानेला हात लावला आणि "अंग गरम लागतंय," असे इतक्या हळू म्हणाली की मला ते ऐकू येण्याआधी दिसले. मीही हात लावून पाहिला. मला कळेना. त्या क्षणी मी डोळे मिटले. काय मागावे आणि कोणाकडे मागावे हेही मला ठाऊक नव्हते. ज्या नावाने हाक मारायची, त्या नावाचीच आम्हाला भीती होती. तेव्हा मी मनात फक्त एवढेच म्हणालो की आता माझ्याच्याने होत नाही.

डोळे उघडले तेव्हा शेताच्या बांधावरून एक म्हातारी बाई येत होती. काखेत घागर, अंगावर नवे लुगडे. जवळ आल्यावर दिसले की तिचा सगळा चेहरा देवीच्या जुन्या वणांनी भरलेला होता. ती सरळ पत्नीच्या बाजूला गेली आणि खिडकीत वाकली.

"का वं माय, अठे कसाले बठेल शेस? पोर कोमाई गई ना! चाल, घर चाल."

पत्नी तिच्या चेहऱ्याकडे पाहत राहिली. मग कित्येक दिवसांनी मी तिच्या तोंडून माहेरची बोली ऐकली. "तुमनाकडे... माय येल शे ना?"

"येल शे ना. तिनाकरताच तर पाणी लेवाले उनू."

"कोनले उनी?"

"कोनले म्हंजे? घरले. बठ्ठा भाऊबंद जमेल शेत, रोट व्हई राह्यनात."

रोट हा शब्द ऐकताच पत्नी ताठ बसली. कानबाईच्या दिवशी भाऊबंदांसाठी होतात ते प्रसादाचे रोट; आणि कानबाईलाही तिच्या माहेरी 'माय'च म्हणत. "आज रविवार," ती पुटपुटली. "अक्का, नागपंचमी व्हई गई का?"

"व्हई गई ना वं! कोणता देशनी शेस तू?"

पत्नी माझ्याकडे वळली. "अहो, तुम्ही त्या लोकांना नेमकं विचारलंत तरी काय?"

मी सांगितले. बैल धुणारा माणूस सांगितला, टोपलीवाली बाई सांगितली, उद्या जाणारी 'ती' सांगितली. मदनलालने कपाळ सुकाणूच्या चाकावर टेकले आणि त्याचे खांदे हलू लागले. "बी.ए.! अरे मास्तर, खानदेशात जन्मून कानबाईला घाबरून पळालो आपण!" आणि मग पत्नी हसली. आधी पदर तोंडाला लावून, मग पदर सोडून. हसता हसता ती रडू लागली, आणि ते रडणे आजचे नव्हते. म्हातारीने घागर खाली ठेवली, दार उघडले आणि तिला जवळ घेतले. मी बाभळीपलीकडे जाऊन उभा राहिलो.

तिच्या घरी आम्ही गेलो. कुसुम ताक पिऊन लगेच टवटवीत झाली. तिला ताप नव्हताच, उन्हाने अंग तापले होते. पाटावर कानबाई बसली होती, तीच नथ, तेच मोठे डोळे. अक्कांनी पत्नीची ओटी भरली. "रोट भाऊबंदेस्नाज, तुले देता येत नही," त्या म्हणाल्या आणि भरपूर खीर-पुरणपोळी, गंगाफळाची म्हणजे लाल भोपळ्याची भाजी वाढली. अंगणात मुली फुगड्या घालत होत्या. कुसुम आईकडे पाहू लागली. पत्नीचा हात तिच्या मनगटावर होता. "खेयू दे ना तिले," अक्का म्हणाल्या. तो हात सुटताना मी पाहिला.

मग पत्नीने, कानबाईकडे न पाहता, तो प्रश्न विचारला. "अक्का, तुमना तोंडवर तिना हात लागना, तरी तुम्ही वाचल्यात. मना लेकरूले कसाले लई गई?"

अक्कांनी पाटापुढच्या दिव्याची वात सारली. "मले काय माहीत, माय? मी तिले इचारत नही. ती उनी का बसाडस, जेवाडस, आनि गई का नदीलगून पोचाडस. मना हातमा इतलंच शे."

मुलाला स्मशानात नेले त्या दिवशी पत्नीला बायकांनी आतल्या खोलीत धरून ठेवले होते. तिला दारापर्यंतही येऊ दिले नव्हते. हे अक्कांना कोणी सांगितले नव्हते. दुसऱ्या दिवशी सकाळी कानबाई निघाली, गाणी म्हणत बाया नदीवर गेल्या, आणि अक्कांनी पाटाला एका बाजूने हात लावायला माझ्या पत्नीला बोलावले. ती घोट्याएवढ्या पाण्यात उतरली. नारळ प्रवाहाला लागला, वळणावर दिसेनासा झाला. ती तिथेच उभी राहून पाहत होती. तिच्या ओठांवर मुलाचे नाव आले असावे. मग तिने हात जोडले, वर आली, लुगड्याचा काठ पिळला आणि मदनलालला म्हणाली, "चला."

"परत ना, वहिनी? ओढा उतरलाय."

"परत का? मुल्हेरला नाही का जायचं?"

मुल्हेर आम्ही सावकाश पाहिले, जसे ठरवले होते तसे. कुसुम पायऱ्यांवरून पुढे धावत होती, आणि तिची आई मागून फक्त "हळू" म्हणत होती.

याला मी चमत्कार म्हणत नाही. मी चुकीचा प्रश्न विचारला, लोकांनी खरे उत्तर दिले, पावसाने रस्ता अडवला आणि एक बाई पाणी भरायला आली. पण ज्या नावापासून पळत होतो त्याच नावाच्या दारात आम्हाला नेऊन बसवले गेले, एवढे मला ठाऊक आहे. पत्नीला त्या शब्दापासून वाचवण्यासाठी मी गाडी दूर उभी केली होती. ती जवळ असती तर पहिल्याच गावात तिला कळले असते. मी ज्याला सांभाळणे समजत होतो ते माझ्या हातात नव्हतेच. हात जोडणे म्हणजे हात मोकळे करणे, हे मला त्या ओढ्याकाठी थोडेसे कळले.

पुढच्या श्रावणात पत्नीने ट्रंक उघडली. पाट मांडून झाल्यावर तिने कुसुमला हाक मारली आणि शेजारी सांगून यायला पाठवले. मुलगी एकटीच उंबरा ओलांडून गल्लीत पळाली. प्रत्येक दारापाशी तिचा आवाज ऐकू येत होता, "आमच्याकडे माय आली! आमच्याकडे माय आली!" पत्नी क्षणभर दारात उभी राहिली. मग खीर लागेल म्हणून आत गेली. मी दिवा लावला.