टाळी, चुटकी आणि नॉर्वेजियन

आमच्या नॉर्वेजियनच्या क्लासमध्ये शब्द कमी पाठ झाले, किस्सेच जास्त साठले. यवतमाळात मेडिकलच्या दुकानावरच्या खोलीत आम्ही सहा नर्सेस ती भाषा शिकत होतो. शिकवायला निशा मॅडम, नॉर्वेत नर्सिंग करून परत आलेल्या.

तिकडच्या लोकांना दोन शब्द जोडून एक करायची भारी हौस. मॅडमचा नियम सोपा होता. शब्द सांध्यावर तोडायचा, पहिल्या तुकड्यावर जोर द्यायचा, दुसरा हलका सोडायचा. म्हणून पहिल्याला टाळी, दुसऱ्याला चुटकी. 'सीके-हूस', म्हणजे हॉस्पिटल. टाळी, चुटकी!

पहिल्याच आठवड्यात खालचे मेडिकलवाले काका जिना चढून आले. "ताई, भजन चांगलं चालू हाये. प्रसाद कधी वाटता?"

* * *

घाटंजीहून येणारी वैशाली सगळ्यात हुशार, पण टाळीशिवाय तिचा जोर भलतीकडेच पडायचा. बसमध्ये सराव करताना टाळ्यांची लाज वाटली, म्हणून तिने खिडकीखालच्या पत्र्यावर थाप मारली. ड्रायव्हरने गाडी थांबवली. पुढच्या शब्दाला पुन्हा थांबवली. वैशालीने खरं कारण सांगितलं, तर कंडक्टर म्हणतो, "ताई, उतराचं हाये का शिकाचं हाये, एक काय ते ठरवा."

* * *

मग तिने वॉर्डात सराव सुरू केला. बीपी घेताना 'ब्लू-त्रीक', म्हणजे बीपीच. टाळी, चुटकी. पलंगावरच्या आजींना वाटलं, तपासणीचाच भाग असेल. त्यांनीही वाजवली. मग शेजारणीने. राउंडला आलेले डॉक्टर दारातच थबकले. "वाढदिवस कोणाचा आहे?"

* * *

वैशालीची नोकरी तिकडे ठरली होती, फक्त तोंडी परीक्षा पास व्हायची होती. एकदा ती हुकली होती, ही शेवटची संधी. परीक्षा ऑनलाइन, आमच्याच खोलीत. मॅडमनी बजावलं, "हात मांडीवर. टाळी वाजवशील तर परीक्षा घेणाऱ्या बाईंना काय वाटेल?"

"मॅडम, हात बांधले तं मले बोलताच येत नाही," वैशाली रडवेली झाली.

दार लागलं. मॅडमसकट आम्ही सगळ्या जिन्यावर श्वास रोखून बसलो. आतून वैशालीचा आवाज अडखळत येत होता, मग तोही थांबला. लॅपटॉपमधल्या बाईंनी काहीतरी विचारलं. पुन्हा शांतता. मॅडमनी डोळे मिटून घेतले.

आणि आत खणखणीत टाळी वाजली. "सीके-प्लायेर!" मागोमाग चुटकी. म्हणजे नर्स.

आम्ही एकमेकींकडे पाहिलं.

तेवढ्यात लॅपटॉपमधून एक टाळी ऐकू आली. मग चुटकी.

खालून काका ओरडले, "आता तं प्रसाद द्या!"