पूर्णेच्या डोहातला फुटबॉल

बसा, चहा घ्या, पण एक करा, घोट गिळल्याशिवाय पुढचं ऐकू नका. मागं एकाच्या नाकातून आला होता. माझी फजितीच तशी हाय!

तर मी मासेमारीतला लई मोठा माणूस. म्हणजे माझ्या मते. जालन्याच्या एमआयडीसीत वजनकाट्यावर बसतो, आणि सुट्टी आली की गळ घेऊन परतूरला दुधनेवर. तिथला दगडन् दगड मला वळखतो. दुधनेवरून मी कधी रिकाम्या हातानं आलो न्हाई. (आलोय. पण ते आत्ता कशाला?)

दिवाळीनंतर सासरवाडीला गेल्तो. टेंभुर्णीच्या पुढं, पूर्णेच्या काठी गाव. ह्या नदीवर मी कधी गळ टाकलेला न्हाई. पण गेल्या गेल्या सासूबाईंना सांगून टाकलं, "उद्या भाजी करू नका. फक्त मसाला वाटून ठिवा."

बायको म्हणली, "अहो, नदी नवी हाय."

"नदी नवी असली तरी मासे तेच!" मी म्हणलो.

सकाळी निघालो तर ओट्यावर बाबाराव काका बसलेले. काका म्हणजे माझे चुलत सासरे. वय पासष्ट, धोतर, पांढऱ्या झुबकेदार मिशा. तोंड एवढंसं करून बसले होते.

"जावईबापू, डोहाकडं जाऊ राह्यले का? जरा ध्यान ठिवा. आमचा फुटबॉल पडलाय तिथं."

"फुटबॉल? कोणाचा?"

"माझाच! चार दिवस झाले. जेवण गोड लागंना."

मी त्यांच्याकडं बघितलं. धोतर बघितलं. मिशा बघितल्या. आता मला सांगा, मी शहरात वाढलेला माणूस, मला काय वाटणार? मनात म्हणलं, वा! ह्या वयात!

"रोज लागतो का तुम्हाला?"

"रोज! लाइट असली की दोन-तीन तास."

"एकटेच?"

"एकटाच. पोरं गेली पुण्याला."

मला गलबलून आलं हो! "जुना झाला असंल. हवा राहत नसंल त्यात."

"हवाच तर धरत होता!" काका उसळले. "म्हणून तर आतलं रबर बदललं पाच दिवसांमागं. आणि लगेच डोहात गेला!"

"मंग काय एवढं? मी काढून देतो की."

काका उठून उभे राह्यले. "तुम्ही काढाल? अहो, गावातले पोहणारे दमले चार दिवस!"

एका फुटबॉलसाठी पोहणारे दमतात? कसलं गाव हाय हे! "काका, बिलकुल काळजी करू नका. माझ्यावर सोडा."

इथं मी मेलो, पण मला त्याचा पत्ता न्हाई.

डोह मात्र देखणा होता. काळंभोर पाणी, काठाला खडक. मी कणकेचा गोळा लावून गळ टाकला. एक तास गेला, दोन गेले. पूर्णेतल्या माशांनी तीनदा कणीक खाल्ली आणि एकदाही गळ खाल्ला न्हाई. परतूरचे मासे कसे, जरा संस्कारी!

आणि माणसं यायला लागली. आधी दोघं, मंग दहा, मंग निम्मं गाव. सासूबाई आल्या, बायको आली. सगळे खडकावर रांगेनं बसले. मला वाटलं, जालन्याचा मासेमार आलाय म्हणल्यावर बघायला येणारच. मी कॉलर नीट केली.

"निघंल का हो?" एकानं विचारलं.

"निघंल म्हणजे? त्याचा बाप निघंल!"

आणि तेवढ्यात, खरं सांगतो, दोरी ताणली!

असली ताणली की पाय घसरला माझा. मी बोंबललो, "लागला!"

"लागला! लागला!" सगळं गाव उभं. काका खडकावरून धावत खाली. "मोठा हाय का?"

"लई मोठा!"

"बराबर! तीन इंची होता!"

तीन इंची? माझ्या माशाला तीन इंची? "काका, काय बोलू राह्यले? तीन फुटी हाय हा! पंधरा किलोच्या खाली न्हाई. काट्यावर बसून बसून हातच काटा झालाय माझा!"

मी ओढू राह्यलो तसा तो अडायचा, मंग एकदम सैल सुटायचा, परत अडायचा. मी ओरडलो, "हिसके देऊ राह्यला! जिवंत हाय!"

लोक एकमेकांकडं बघायला लागले.

"जल्दी करू नका जावईबापू," काका कळवळून म्हणले, "तोंड तुटंल त्याचं!"

काय माहिती हो ह्या म्हाताऱ्याला माशांची! "न्हाई तुटत काका. तोंडातच बसलाय गळ."

"आणि जाळी जपा!"

"जाळीनं काय कोणीबी धरतंय. हे गळाचं काम हाय!"

अर्धा तास झुंज चालली. हाताची सालं निघाली. दोन गडी माझ्या कमरेला धरून बसले. "फोटो काढा रे कोणीतरी!" मी ओरडलो, आणि शेवटचा झटका दिला.

पाण्यातून आधी डोकं वर आलं. काळं, गोल, आणि त्याला भोकंच भोकं! त्याच्यामागं लांबलचक काळं अंग.

मी म्हणलो, संपलं. आता गाव हसणार, आणि मी टेंभुर्णीवरून पायी जालन्याला जाणार.

पण कसलं काय! शिट्ट्या, टाळ्या, आरोळ्या! काकांनी गुडघाभर पाण्यात उडी मारली आणि त्या चिखलानं भरलेल्या लोखंडाला मिठी घातली. "माझा फुटबॉल!" डोळ्यांत पाणी!

मी बायकोच्या कानात म्हणलो, "ह्याला फुटबॉल म्हणतेत?"

तिनं माझ्याकडं असं बघितलं, जसं लग्नाला परत एकदा विचार करून हो म्हणावं का ते ठरवू राह्यली. मंग हळूच सांगितलं. शेताला पाणी देणाऱ्या मोटारीचा पाइप नदीत सोडतात. त्याच्या टोकाला जाळीचं लोखंडी तोंड असतं, आत रबराची झडप. वर चढलेलं पाणी खाली येऊ देत न्हाई. त्याचं इंग्रजी नाव काहीतरी फूट-वाल्व. शेतकऱ्यांनी त्याचा केला फुटबॉल. तो पाइपासकट डोहात गेला आणि चार दिवस काकांच्या मिरचीच्या बियाण्याचा प्लॉट पाण्यावाचून सुकून चालला होता.

माझा गळ बराबर जाळीच्या भोकात अडकला होता. मी पटकन तोंड गंभीर केलं. नेम धरूनच टाकला होता, असं.

आणि मंग काकांनी चिखल काढायला पाइप उभा केला. सळसळ करत आतून काय पडावं? मरळ! हातभर लांब, जिवंत, थेट माझ्या पायावर!

"जावईबापू, धरा!" सगळं गाव ओरडलं.

मी काय केलं? मी किंचाळलो आणि खडकावर चढलो. अहो, मासा पायावर पडला! अचानक! सासूबाई पुढं आल्या, पदर कमरेला खोचला, एका हातानं गलफडात बोट घालून मरळ उचलली आणि म्हणल्या, "मसाला वाटलेलाच हाय."

दुपारी लाइट आली. मोटार घरघरली आणि मिरचीच्या सऱ्यांतून पाणी पळायला लागलं. काका बांधावर उभे राहून नुसते बघत होते. मंग त्यांनी माझ्या डोक्याला फेटा बांधला, हातात नारळ दिला. चार माणसांत म्हणले, "जालन्यात असा माणूस न्हाई." खोटं कशाला बोलू, आजवर काट्यावर एवढे ट्रक मोजले, पण छाती इतकी कधी फुगली न्हाई. संध्याकाळी मरळीचं डोकं मानानं माझ्या ताटात.

माझं नाव पंचक्रोशीत झालं. परवाच पलीकडच्या गावातून फोन आल्ता.

"भाऊ, आमची मोटार पडली विहिरीत. गळ घेऊन या."

मी म्हणलो, "येतो. नदी जवळ असंल तर जरा मासेही धरू."

पलीकडून आवाज आला, "मासे राहू द्या भाऊ. मासे धरायला आमच्याकडं माणसं हायेत. तुम्ही आपलं लोखंडच काढा."