तीन दिवसांचं हाऊसफुल्ल

मी ऑफिसात कॅशचं काम बघते असं लग्नानंतर सांगितलं, तेव्हा सासूबाईंना वाटलं मी कुठल्यातरी काउंटरवर नोटा मोजते. त्यांनी शेजारीपाजारी तसंच सांगून टाकलं आणि मीही सोडून दिलं, दरवेळी कोण समजावत बसणार. पण दादाच्या नाटकाचं सांगायचं तर ही कॅश म्हणजे काय, ते आधी सांगायलाच हवं.

आमची कंपनी ठाण्यात, आणि धंदा नाटकाची तिकिटं ऑनलाइन विकण्याचा. तिकीट काढताना मोबाइलवर खुर्च्यांचा नकाशा दिसतो ना, हिरव्या म्हणजे रिकाम्या आणि लाल म्हणजे गेलेल्या, तो दर वेळी मुख्य डेटाबेसला विचारून दाखवायचा म्हटलं तर तो बिचारा मान टाकेल. म्हणून मधे एक छोटा साठा ठेवतात, तीच ही कॅश. तो सर्व्हरच्या मेमरीतच असतो, डिस्कवर जायची भानगड नाही, म्हणून चटकन उत्तर देतो. आपण एक नाव सांगायचं, त्या नावाखाली जे ठेवलंय ते तो काढून देतो. बाकी अक्कल त्याला नाही.

तुम्ही एखाद्या खुर्चीवर बोट ठेवलंत की आम्ही त्या साठ्यात त्या खुर्चीच्या नावाने एक नोंद करतो आणि तिला दहा मिनिटांची मुदत लावतो. आपल्याकडे जागा धरायला रुमाल टाकतात, तसंच ते. पैसे भरलेत तर खुर्ची तुमची. नाही भरलेत तर मुदत संपल्यावर रुमाल आपोआप नाहीसा होतो, कुणी उचलायला जावं लागत नाही. आमच्या टीममधे त्याला रुमालच म्हणतात.

दादा माझा सख्खा मोठा भाऊ. तो डोंबिवलीत, मी ठाकुर्लीत. कॉलेजात त्याने एकांकिका स्पर्धा गाजवलेल्या, मग नोकरी लागली, मुलं झाली आणि तालमी सुटल्या त्या सुटल्याच. पन्नाशी उलटल्यावर एका निर्मात्याने त्याला नाटकात घेतलं. नायिकेच्या वडिलांचं काम, पण दुसरा अंक जवळजवळ त्याचाच. निर्मात्याने स्पष्टच सांगितलेलं, रविवारी दुपारी एक प्रयोग लावतो, हॉल भरला तर पुढे ठाणे, कल्याण सगळीकडे करू, नाही भरला तर राम राम. त्या दिवसापासून दादा घरात हळू बोलायला लागला, आवाज जपायचा म्हणून. वहिनी म्हणाली, "ही सवय आधी लागली असती तर संसार सुखाचा झाला असता."

गुरुवारी सकाळी तिकीटविक्री सुरू झाली. दुपारी दादाचा फोन आला.

"हाऊसफुल्ल गं," तो म्हणाला.

मागोमाग त्याने नकाशाचा फोटो पाठवला. अख्खा हॉल लाल. घरच्या ग्रुपवर अभिनंदनाचा नुसता पाऊस. मामांनी लिहिलं, घराण्याचं नाव काढलंस. संध्याकाळी वहिनीने सोसायटीत पेढे वाटले. मीही ऑफिसात मिरवून घेतलं, खोटं कशाला बोलू.

शनिवारी दुपारी सासूबाई म्हणाल्या, मलाही यायचंय. कंपनीच्या राखीव खुर्च्यांतून एक मिळते का बघायला मी सिस्टीम उघडली, तर विकलेली तिकिटं आणि लाल खुर्च्या यांचा ताळमेळच लागेना. खरी विक्री पहिल्या दोन-तीन ओळींत मावेल एवढी. बाकी हॉलभर नुसते रुमाल, आणि एकालाही मुदत नाही.

मुदत गेली कुठे? त्याच आठवड्यात आम्ही एक सुधारणा केलेली. खुर्ची धरल्यावर माणसाने मोबाइल नंबर टाकला की तो त्याच नोंदीत परत लिहायचा. आता या साठ्याचा स्वभाव असा, की नोंद परत लिहिली की आधीची मुदत पुसली जाते. नवी सांगितली नाहीत तर नोंद कायमची. कोड लिहिणारा ती सांगायला विसरला. तपासणाऱ्यांच्याही लक्षात आलं नाही, कारण तपासताना सगळे शहाण्यासारखे पैसे भरून मोकळे होत होते.

त्यात गुरुवारी सकाळी नेमकं यूपीआय अडकलेलं. दादाने सगळ्या गोतावळ्याला मेसेज टाकलेला, आत्ताच्या आत्ता काढा. सगळे एकदमच तुटून पडले. सहा खुर्च्या धरायच्या, नंबर टाकायचा, पैसे जाईनात म्हणून मागे यायचं, तर त्या सहा लाल झालेल्या. मग दुसऱ्या सहा धरायच्या. रुमालांवरचे नंबर बघितले तर मावशी, बदलापूरची आत्या, वहिनीचं सगळं माहेर. मामांनी एकट्याने अर्धी बाल्कनी अडवलेली. घरच्यांनीच हॉल भरला आणि मग हॉल भरला म्हणून आनंदाने घरी बसले.

टीम लीडला फोन केला. तो म्हणाला, लगेच पुसून टाक. पुसायचं तर होतंच, पण दादाला आधी कळायला हवं होतं. मी रिक्षा करून त्याच्याकडे गेले. तो नाटकातल्या धोतराला इस्त्री करत होता.

"दादा, ते हाऊसफुल्ल खरं नाहीये."

त्याला वाटलं मी खेचतेय. मग मी रुमालाचं सगळं सांगितलं. त्याने इस्त्री बंद केली.

"म्हणजे माणसं नाहीतच?"

"नाहीत."

"नुसते रुमाल."

"हो."

त्याने धोतराची घडी घातली. "मग उचल की," म्हणाला. "रुमाल असताना माणसं बसणार कशी?"

मी तिथेच डायनिंग टेबलावर लॅपटॉप उघडला आणि नोंदी पुसल्या. त्याच्या मोबाइलवर हॉल हिरवा होत गेला, तो बघत होता. मला इतकं वाईट वाटलं, आणि संतापही आला, पण नेमका कुणावर काढायचा ते कळेना. मेमरीतल्या साठ्याला शिव्या देऊन काय होणार.

मग वहिनीसकट आम्ही तिघं फोनवर बसलो. मामा म्हणाले, "अरे, आम्हाला वाटलं आता मिळत नाहीत, म्हणून उद्या टिटवाळ्याला जायचं ठरवलं. गाडीपण सांगितलीय." आत्याकडे पाहुणे येणार होते. वहिनीचा भाऊ तर म्हणाला, आधी फुल्ल म्हणता, आता या म्हणता, नक्की काय चाललंय तुमचं? बरेचसे "बघतो" म्हणाले.

रविवारी निम्म्यापेक्षा कमीच हॉल भरला. पण दादाने काम असं केलं, की दुसऱ्या अंकात मी रडले आणि शेजारी सासूबाईही रडल्या. प्रयोगानंतर निर्माते आत आले, दादाचा हात हातात घेतला आणि म्हणाले, "छान झालं. बघू." बघूचा अर्थ मराठी माणसाला सांगावा लागत नाही. दुसरा प्रयोग झाला नाही.

कोड आम्ही सोमवारीच दुरुस्त केला. परत लिहिताना आधीची मुदत तशीच ठेव, एवढं एकच सांगायचं होतं. दादा घरात पुन्हा मोठ्याने बोलायला लागला.

मागच्या महिन्यात त्याने मला त्याचा मोबाइल दिला. "जागा भरली म्हणतोय सारखा. काय पुसायचं ते पूस, तुझंच काम आहे." मी बसून फुलांच्या सुप्रभाती पुसल्या, लग्नपत्रिका पुसल्या, चार-चारदा आलेले तेच ते फोटो पुसले. त्यात तो लाल नकाशा सापडला.

"हा काढते रे," मी म्हटलं. "खोटाच आहे."

"खोटा कसा?" दादा म्हणाला, हळू, तेव्हा बोलायचा तसा. "रुमाल तर सगळ्यांनी टाकलेले ना."

मी तो राहू दिला आणि मोबाइल त्याच्या हातात दिला.